दुसऱ्या सुईचा ठराव

भोईवाडा, परळ
९ जानेवारी २०२५

चि. सुचित्रा,
मंगल कामना, वि. वि.

आपला करार ठरलेला आहे. परळ ते फणसवाडी अंतर ते केवढं. पण फोनवर तू मला मधेच तोडतेस, म्हणून महत्त्वाचं काही असलं की पत्र. पत्रात मला कोणी तोडू शकत नाही. तुझी जाईकाकी म्हणते, ऐकायला माणूस मिळाला नाही की हे कागद शोधतात. म्हणू दे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली, औषधं झाली, आणि काही लोकांची इच्छा असूनही मी गेलो नाही, हे तुला माहीतच आहे. आता नव्या स्कॅनमध्ये यकृतात दोन डाग दिसले. घाबरू नकोस. मी घाबरलेलो नाही. जाई घाबरली आणि तिने ती भीती घरातल्या पितळी डब्यांवर काढली. सगळे डबे लखलखताहेत.

इस्पितळातला तरुण डॉक्टर यशोधन भला माणूस आहे. संगणकाकडे न बघता माझ्याकडे बघून बोलतो. पण त्याचं म्हणणं असं की यकृतात सुई घालून तुकडा काढायचा आणि त्याची जनुकं पुन्हा तपासायची. मी विचारलं, ही यकृतातली गाठ कोणी परकी आहे का? तो म्हणाला, बहुधा नाही, आतड्यातूनच आलेली असणार. मग झालं तर! आतड्याच्या गाठीचा अहवाल यांच्याच कपाटात आहे. रास नावाच्या जनुकात बदल नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ज्याची चौकशी एकदा पुरी झाली त्याला पुन्हा पिंजऱ्यात उभं का करायचं? आमच्या माणसांना पोलीस हेच करत आले. दर नाक्यावर नाव सांग, गाव सांग.

मी नाही म्हणालो, आणि तेवढ्यावर थांबलो नाही. विहाराच्या हॉलमध्ये दर महिन्याला उपचार घेणाऱ्यांची सभा भरते. तिथे मला दोन शब्द बोलायला सांगितलं. माझे दोन शब्द तुला ठाऊक आहेत. विषय घेतला, ‘दुसरी सुई नको’. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! वाटलं, छापखाना कामगारांच्या संघटनेतले दिवस परत आले. लालबागच्या मालन परब म्हणून आहेत, गिरणी कामगाराच्या पत्नी, नवरा गेला. त्यांचंही आतड्याचंच ऑपरेशन, यकृतात तसाच डाग, त्यांनाही तीच सुई सांगितलेली. सभा संपल्यावर त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, भाऊ, माझ्या मनातलं बोललात, मी उद्याच सुई रद्द करते. आणि केलीन की! ठरावाची इतकी तातडीने अंमलबजावणी मी उभ्या हयातीत पाहिली नव्हती.

तू जनुकांचे अहवाल वाचण्याचीच नोकरी करतेस. तेव्हा माझं बरोबर आहे अशा दोन ओळी लिहून पाठव. पुढच्या सभेत वाचून दाखवीन.

लोभ तर आहेच. या खेपेला पाठिंबाही असावा.

तुझा,
आनंदाकाका


फणसवाडी, गिरगाव
१३ जानेवारी २०२५

ती. आनंदाकाका यांस,
सादर जयभीम, वि. वि.

तुम्हाला माझ्याकडून दोन ओळी हव्या होत्या. पहिली ओळ: तुम्ही चुकलात. दुसरी ओळ: मालनमावशींना ताबडतोब गाठा.

आता उरलेलं पत्र चष्मा पुसून वाचा. यकृतातल्या डागांबद्दल तुम्ही दोन-तीन ओळी लिहिल्यात आणि सभेबद्दल एवढं मोठं. मी त्या दोन-तीन ओळीच पुन्हा पुन्हा वाचल्या. तुमच्या जावयाने, अजितने विचारलं काय झालं, तर म्हटलं, काकांनी सभा जिंकली. मग रडले. मग राग आला. रागात मी बरं लिहिते, हा आपल्या घराण्याचा गुण.

एकदा चौकशी झालेल्या गाठीची ओळख पुन्हा का विचारायची, हा तुमचा प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर तुम्हीच मला लहानपणी ताटावर बसून सांगितलंय. तुमची संघटना परळची. तिची अंधेरीला शाखा निघाली. घटना तीच, झेंडा तोच, माणसंही इथूनच गेलेली. पण तिथले मालक वेगळे, पाळ्या वेगळ्या. टिकून राहायला त्यांनी घटनेची दोन कलमं बदलली आणि परळला कळवलंच नाही. तुम्ही परळची घटना खिशात घालून तिकडे वाटाघाटीला गेलात, आणि पहिल्याच बैठकीत तुमच्याच पोरांनी तुम्हाला गप्प बसवलं.

गाठीचंही असंच होतं. आतड्यातली एक पेशी बिघडते, तिच्या पिढ्या वाढत जातात आणि वाढता वाढता जनुकांत फेरफार होत राहतात. त्यांतल्या काही पेशी रक्तावाटे यकृतात जाऊन वस्ती करतात. लवकर निघून गेल्या असतील, तर मूळ गाठीत मागाहून झालेले बदल त्यांच्यात सापडत नाहीत. नव्या जागी, औषधांचा मारा सोसून तगलेल्यांत वेगळेच बदल असू शकतात. पाया बहुतेक तोच असतो, वरचे मजले वेगळे. आणि मूळ गाठ तरी आतून एकसारखी कुठे असते? तिचा एक कोपरा तपासला म्हणजे सगळे कोपरे कळले, असं होत नाही.

सगळं खरं सांगते, नाहीतर म्हणाल पुतणीने अर्धी बाजू लपवली. रास जनुकापुरतं बोलायचं तर शंभरातल्या नव्वदांहून जास्त लोकांत आतड्याचा आणि यकृताचा अहवाल जुळतो. म्हणून पुष्कळ वेळा जुन्या अहवालावरही काम भागतं. पण थोड्यांचा जुळत नाही. यकृतातल्या गाठीत तो बदल असला, तर जे नेमकं औषध तुम्हाला द्यायचा विचार असेल ते कामच करत नाही; वर त्रास होतो आणि वेळ जातो तो वेगळाच. शिवाय ते डाग खरोखर त्याच गाठीचे आहेत का, तेही पाहायचं असतं. तुमच्या डॉक्टरांना खात्री करून घ्यायची आहे. तुम्ही नव्वदांतले की थोड्यांतले, हे टाळ्यांवरून ठरत नाही. मालनमावशींचंही नाही.

काकीला सांगा, तुमचे डबे झाले असतील तर इकडे या, माझे काळे पडलेत.

माया आहे तशी राहू द्या, मत तेवढं बदला.

आपली,
सुचित्रा


भोईवाडा, परळ
१७ जानेवारी २०२५

चि. सुचित्रा,
मंगल कामना, वि. वि.

पत्र पोचलं. लागलंही. अंधेरी उकरून काढायची काही गरज नव्हती.

तू मला विज्ञान सांगितलंस, आता मी तुला इतिहास सांगतो. गरिबाचं शरीर ही जगभर शिकणाऱ्यांची पाटी झालेली आहे. हवं ते लिहायचं, हवं तेव्हा पुसायचं. ही सुई माझ्या भल्यासाठी की कोणाच्या प्रबंधासाठी? हे विचारायचं कोणी? जो विचारेल तो अडाणी! मी विज्ञानाचा वैरी नाही. आम्ही देव सोडले ते सूक्ष्मदर्शकाला घाबरण्यासाठी नव्हे. पण सही करण्याआधी वाचावं आणि वाचल्यावर प्रश्न विचारावा, एवढं आमच्या पिढीला शिकवलं गेलं आहे. इतकी माणसं त्या हॉलमध्ये बसली होती. आपला तुकडा कुठे जातो, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. याची चीड तुला का येत नाही?

राहता राहिल्या मालनताई. त्या सज्ञान बाई आहेत. निर्णय त्यांचा, त्यांनी घेतला. मी फक्त बोललो.

आणि एक सांगून ठेवतो. मी आजवर भाषण लांबवलं आहे, रंगवलं आहे, पोलिसांनी बंद पाडलं तेव्हा रस्त्यावर पुरं केलं आहे. मागे घेतलेलं मात्र नाही.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लिहिणं सोडू नकोस.

तुझा,
आनंदाकाका

ता. क. सुचू, मी काकी. हे पत्र लिहिताना हे सारखे उठून खिडकीशी जात होते. तुझं पत्र यांच्या उशीखाली आहे. मी बघितलं हे त्यांना कळू देऊ नकोस. पत्र पेटीत टाकायला मीच जाते आहे.


फणसवाडी, गिरगाव
२० जानेवारी २०२५

ती. आनंदाकाका यांस,
सादर जयभीम, वि. वि.

चीड येते. म्हणून तर सांगते, तुमचा प्रश्न शंभर टक्के योग्य आहे, फक्त तो चुकीच्या ठिकाणी विचारलात. विहारात विचारून टाळ्या मिळतात, इस्पितळात विचारून उत्तर मिळतं. सह्या दोन वेगवेगळ्या असतात. एक उपचारासाठी. तुकड्यातला उरलेला भाग संशोधनाला द्यायचा का, याची दुसरी. दुसरीला नाही म्हणायचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे आणि त्यापायी उपचारात काडीचाही फरक पडता कामा नये. जा, कागद मागा, वाचा. मोठ्याने वाचा, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाऊ दे. तुमच्या आवाजाला तेवढी जागा तरी पुरेल.

पण ‘मी फक्त बोललो’? काका, हे तुमच्या हातचं वाक्य आहे? तुम्ही बोललात आणि छापखान्यातली यंत्रं थांबली, हे ऐकत मी मोठी झाले. त्या संपाचं श्रेय घेताना, कामगार सज्ञान होते, मी आपला फक्त बोललो, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. टाळ्या तुमच्या आणि परिणाम त्या बाईंचा, अशी वाटणी तुमच्या घटनेच्या कुठल्या कलमात आहे?

त्या थोड्यांतल्या असल्या तर? चुकीच्या औषधावर त्यांचे महिने जातील. तुमचं शरीर तुमचं, हे कबूल. त्यांचं शरीर तुमच्या भाषणाचं कधी झालं?

रागावलेय, तरी लिहिते आहे. बघा.

आपली,
सुचित्रा


भोईवाडा, परळ
२५ जानेवारी २०२५

चि. सुचित्रा,
मंगल कामना, वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जाईशी बोललो नाही. तिला बरं वाटलं असावं. तिसऱ्या दिवशी शर्ट चढवला आणि लालबागला गेलो.

मालनताईंची चाळ मसाल्याच्या दुकानांच्या मागे आहे. जिना चढेपर्यंत मला मिरचीचा ठसका लागला आणि दारात उभा राहिलो तो खोकतच. वक्त्याचा असा प्रवेश कधी झाला नव्हता. त्या मांदेली तळत होत्या. मी घसा साफ करून म्हणालो की त्या दिवशीच्या भाषणात मला एक दुरुस्ती सुचवायची आहे. त्या म्हणाल्या, दुरुस्ती कसली, सरळ बोला, चुकलं ना? मी म्हणालो, अंशतः. तर ती बाई उलथनं माझ्याकडे रोखून म्हणते, अंशतः म्हणजे काय ता? एक बाजू भाजली म्हणून मासो भाजलो म्हणतत काय?

मग बसलो. दोन सह्यांचं सांगितलं, नव्वदांचं आणि थोड्यांचं सांगितलं. तुझी अंधेरीची शाखासुद्धा सांगितली, माझ्या अब्रूची पर्वा न करता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पदराने हात पुसत जे सांगितलं ते मला अपेक्षित नव्हतं. त्या म्हणाल्या, भाऊ, तुमचं भाषण मला पटलं वगैरे काही नव्हतं, अर्धं कळलंही नव्हतं. माका आजाराचा नाय, सुयेचा भय. नाही म्हणायला कोणीतरी मोठं माणूस पाठीशी हवं होतं. तुम्ही माईकवरून बोललात आणि माझी सुटका झाली.

सुचित्रा, मला वाटलं होतं मी त्यांना विचार दिला. मी त्यांना सबब दिली होती.

मी म्हणालो, आता पुन्हा वेळ घ्या इस्पितळाची. त्या म्हणाल्या, घेते, पण आधी तुम्ही. तुम्ही त्या टेबलावर झोपा, उठून माझ्यासमोर या, दुखतं की नाही ते खरं सांगा, मग मी. आणि पुढच्या सभेत सगळ्यांदेखत भाषण मागे घ्यायचं. मी कैक मालकांशी वाटाघाटी केल्या. सगळ्याच मागण्या मान्य करून आणि वर मांदेली खाऊन परत यायची ही पहिलीच वेळ.

डॉक्टर यशोधन यांना कळवलं आहे. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

जाई तुझ्याकडे डबे घासायला येते आहे. मी तिचा हमाल म्हणून पोचवायला येईन. वाद न घालता चहा द्यावा.

तुझा,
आनंदाकाका


लालबाग
८ फेब्रुवारी २०२५

॥ श्री ॥

चि. सौ. सुचित्रा हिस,
मालन परबचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू मला ओळखत नाहीस, पण माझ्यावरून तुमच्या घरात भांडण झालं म्हणजे ओळख झाल्यासारखीच आहे. तुझ्या काकांनी पत्ता दिला. म्हणाले, सुईचं सगळं तुम्हीच कळवा, मी लिहिलं तर ती म्हणेल मीठमसाला लावला. मी पत्र लिहून जमाना झाला. मालवणला सासूबाई होत्या तोवर लिहायचे. काही चुकलं तर संभाळून घे.

आधी सभेचं सांगते. भाऊंनी भाषण मागे घेतलं. पण बाई, मागे घ्यायला पुढे करण्यापेक्षा जास्त वेळ लागला. आम्ही बायकांनी शेवटी टाळ्या वाजवूनच बसवलं.

मग इस्पितळ. आमची दोघांची एकाच दिवशी वेळ होती. भाऊंनी ते सहीचे कागद घेतले आणि बाहेरच्या बाकांवर बसलेल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. लोक आपापल्या जागा सोडून जवळ येऊन बसले. एका म्हाताऱ्याने पुन्हा वाचायला लावलं. डॉक्टर आले तर भाऊंनी त्यांना तिथेच उभं करून प्रश्न विचारले आणि त्या पोराने एकेकाचं नीट उत्तर दिलं. आम्हाला वाटलं, संशोधनाच्या कागदावर हे सही करणार नाहीत. पण केली. आणि खाली आपल्या हाताने लिहिलं की या तुकड्यातून जे काही कळेल ते आम्हाला मराठीत येऊन सांगावं. डॉक्टरांनी वाचलं, आणि विहारात येऊन सांगेन असं कबूल केलं.

आत गेल्यावर डॉक्टरांनी म्हणे सांगितलं, श्वास धरा आणि आता अजिबात बोलू नका. जाईबाई बाहेर मला म्हणाल्या, चाळीस वर्षांत मला जमलं नाही ते या पोराने केलं. आम्ही दोघी इतक्या हसलो की शिपाई ओरडला. नंतर त्यांना उजव्या कुशीवर नुसतं पडून राहायला सांगितलं होतं, तर तिथेही नर्सला विचारत होते, तुमची युनियन आहे का.

मी पडद्याशी जाऊन त्यांना विचारलं, खरं सांगा, दुखतं काय? म्हणाले, दुखतं. पण माझ्या भाषणासारखं लांबत नाही.

नाही दुखत म्हणाले असते, तर मी तिथूनच घरी आले असते. दुखतं म्हणाले म्हणून गेले. दुखलं, आणि लांबलं नाही.

कधी लालबागला आलीस तर जिन्यात तोंडावर रुमाल धर आणि तशीच वर ये. जेवल्याशिवाय सोडणार नाही.

कळावे, आणि पोट सांभाळावे.

तुझी,
मालनमावशी


भोईवाडा, परळ
५ मार्च २०२५

चि. सुचित्रा,
मंगल कामना, वि. वि.

दोन्ही अहवाल आले. काल डॉक्टर यशोधन यांनी आम्हाला बोलावलं होतं. मला आधी आत घेतलं.

डाग आतड्यातल्या गाठीचेच आहेत. रास जनुक जुन्या अहवालात होतं तसंच, बदल नाही. इतर जनुकांत दोन-चार फरक निघाले, पण त्यांनी औषध बदलत नाही. म्हणजे मी तुझ्या त्या नव्वदांतला. जन्मभर बहुमताच्या विरुद्ध उभा राहिलो आणि शेवटी यकृताने मला बहुमतात नेऊन बसवलं. तू लिहिलं होतंस ते रासवर अवलंबून असलेलं औषध आणि जोडीला नेहमीची केमो, असं पुढच्या आठवड्यापासून सुरू. डाग आटले तर ते कापून काढायचाही विचार करता येईल म्हणाले. या औषधाने तोंडावर पुळ्या येतात असं कळलं. या वयात मुरुमं! जाईने आत्ताच सांगून ठेवलंय की यांना पुन्हा लग्नाला उभं करणार असाल तर आधी मला विचारा.

खरं सांगतो, जुनाच अहवाल पुन्हा ऐकून मी क्षणभर खवळलो. हेच ऐकायला टोचून घेतलं? भाषणाची पहिली ओळसुद्धा तयार झाली होती. ती घेऊन बाहेर बाकावर बसलो. मालनताई आत गेल्या.

त्यांना वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा कागद हातात उघडाच होता. आतड्याच्या गाठीत नव्हता तो बदल यकृतात निघाला आहे. रासच्याच कुळातलं के-रास म्हणून जे असतं त्यात. मला देणार आहेत ते औषध त्यांनाही द्यायचं ठरलं होतं. ते रद्द झालं. त्याचा उपयोग शून्य झाला असता. आता त्यांना दुसरी औषधं लिहून दिली आहेत. लढाई जरा जड आहे, असं डॉक्टर स्पष्ट बोलले. पण शत्रू कुठल्या घरात आहे ते आता माहीत आहे, आणि दुसऱ्याच घराचं दार ठोठावण्यात वेळ गेला नाही. त्या घाबरलेल्या नव्हत्या. भूक लागली म्हणाल्या. मग जाईसकट आम्ही तिघं समोरच्या उपाहारगृहात जाऊन बसलो आणि मिसळ मागवली.

खाता खाता त्यांनी विचारलं, भाऊ, तुमचं काय निघालं? मी सांगितलं, जुनं तेच. त्या म्हणाल्या, अरे देवा, म्हणजे तुमची सुई फुकट गेली. आणि मग त्यांचा पाव हातातच राहिला. म्हणाल्या, फुकट कशी गेली? तुम्ही झोपला नसतात तर मी झोपले नसते. ती सुई तुम्हाला टोचली, पण होती माझी.

यावर मी भाषणाऐवजी त्यांच्यासाठी आणखी एक पाव मागवला. जाईने हे सगळ्या चाळीत सांगितलं आहे, तू तरी गिरगावात पसरवू नकोस.

भांडण चालू ठेवावं, लोभ त्यातच आला.

तुझा,
आनंदाकाका